कागद गप्प असतो तेव्हा: जव्हार-मोखाड्यातल्या दोन मुलींची गोष्ट लिहिताना



मागच्या लेखात जुनं गॅझेटियर कसं वाचायचं ते आपण पाहिलं. आज त्याच्या पुढचा, जरा अडचणीचा प्रश्न घेऊ. ज्या गोष्टीचा कागदच नाही, तिच्याबद्दल इतिहासाच्या विद्यार्थ्याने बोलायचं की नाही? आणि बोलायचं तर कसं?

उदाहरण माझ्याच टेबलावरचं आहे. प्रबंधाच्या जोडीला मी दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी एक छोटी ऐतिहासिक कादंबरी लिहितेय. काळ १९४५-४६. जागा जव्हार आणि मोखाडा. बारा वर्षांच्या दोन मुली आहेत, एक जव्हार संस्थानातली आणि एक मोखाड्याकडची. दोघींची घरं जंगलतोडीच्या हंगामात एकाच कुपावर कामाला येतात. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. हंगाम संपेपर्यंत एकीचा दुसरीवर जीव जडतो. मैत्री तर आहेच, पण त्याहून थोडं अधिक काहीतरी आहे आणि त्याला काय म्हणायचं ते तिला माहीत नाही.

पहिला खर्डा मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी समासात दोनच शब्द लिहिले: पुरावा काय?

खरं सांगते, मी चिडले. दोन-तीन दिवस तो खर्डा उघडलाही नाही. मग शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की प्रश्न योग्यच आहे, मी उत्तर चुकीच्या जागी शोधत होते. तो शोध कसा झाला ते सांगते, कारण तुमच्या संशोधन आराखड्यातही हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

एकच डोंगर, दोन दप्तरं

सुरुवात जागेपासून करू. आज जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले शेजारी तालुके आहेत. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला; त्याआधी दोन्ही ठाणे जिल्ह्यात होते. म्हणून आपण 'जव्हार-मोखाडा' असं एका दमात म्हणतो. पण १९४८ पर्यंत या दोन नावांच्या मध्ये सरहद्द होती. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. क्षेत्रफळ साधारण ३१० चौरस मैल, १९०१ च्या जनगणनेत वस्ती सत्तेचाळीस हजारांच्या आसपास. मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखात, शहापूर तालुक्याचा पेटा.

याचा तुमच्या कामावर सरळ परिणाम होतो. मोखाड्याचा कागद कलेक्टर कचेरीच्या वाटेने जातो. जव्हारचा कागद संस्थानच्या दप्तरात असतो आणि संस्थानावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पत्रव्यवहारात. एकाच डोंगरावरच्या दोन पाड्यांची माहिती दोन वेगळ्या दप्तरांत सापडते, आणि दोन्हीकडे वेगवेगळे प्रश्न विचारले गेलेले असतात.

कायद्याचंही तेच. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. तो १ एप्रिल १९३० पासून अमलात आला, पण ब्रिटिश मुलखात. संस्थानात तो आपोआप लागू होत नव्हता. म्हणजे माझ्या गोष्टीतल्या दोन मुली एकाच ओढ्यावर पाणी भरत असल्या तरी कागदावर त्यांचं बालपण दोन वेगळ्या कायद्यांखाली आहे. प्रत्यक्षात पाड्यावर त्याने किती फरक पडला असेल, हा वेगळा प्रश्न. पण लेखकाला आधी सरहद्द कुठे आहे ते माहीत हवं, मगच पात्रांनी ती विसरलेली शोभते.

कागद कधी तयार होतो?

आता या भागावर वाचायला काय काय आहे ते पाहू. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ चं. त्यात वारली, काथोडी, ठाकूर, कोळी यांच्यावर मजकूर आहे आणि जव्हारवरही. मग ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगल-नियमांविरुद्धच्या तक्रारी तपासायला १८८५ साली नेमलेला मुंबई फॉरेस्ट कमिशन; त्याचा अहवाल १८८७ चा. मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर सिमिंग्टन यांचा १९३९ चा अहवाल. के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक १९४५ चं. आणि गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो', १९७० चं, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

हे सगळं वाचताना मी वहीत एक साधा तक्ता केला: कोण विचारतंय, कोणाला विचारतंय, कशासाठी विचारतंय. तुम्हीही करून पाहा. गॅझेटियरला जमात, शेती, महसूल हवा आहे. कमिशनला जंगलाच्या तक्रारी हव्या आहेत. सिमिंग्टनला सावकारी आणि वेठ. सावे यांना चालीरीती. परुळेकरांना लढा सांगायचा आहे, आणि त्यांच्या पुस्तकात माणसं सगळ्यांत जिवंत आहेत. पण बारा वर्षांच्या मुलीला 'तुला कोण आवडतं' हे विचारण्याचं काम यांतल्या कोणाचंच नव्हतं. ते कामच नसेल, तर उत्तर कुठून सापडणार?

राज्यव्यवस्थेला काहीतरी हवं असतं किंवा काहीतरी बिघडलेलं असतं, तेव्हाच कागद तयार होतो. सारा, लाकूड, कर्ज, गुन्हा. म्हणूनच समलिंगी नात्यांचा इतिहास शोधायला निघालेला विद्यार्थी पहिल्यांदा भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ पाशी पोचतो. दंडविधान १८६० चं, अंमल १८६२ पासून. त्या कलमाखालच्या खटल्यांचे कागद मिळतात. पण खटला उभा राहतो तो कृत्यावरून, आणि पुष्कळदा त्यात बळजबरी असते. फक्त तेवढेच कागद वाचून इतिहास लिहिला, तर असं वाटेल की जुन्या काळी समलिंगी ओढ म्हणजे गुन्हाच. प्रत्यक्षात आपण पोलिसांच्या खिडकीतून पाहत असतो, आणि त्या खिडकीतून दिसेल तेवढंच दिसतं.

कुणाच्या शेजारी बसावंसं वाटणं हा गुन्हा नाही. त्यावर सारा बसत नाही, त्यासाठी कर्जरोखा लागत नाही. त्यामुळे त्याचा कागद नाही.

पुराव्याचं माप एकच हवं

इथे मला मार्गदर्शकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. समजा, मी १९४५ च्या जव्हारमधल्या बारा वर्षांच्या मुलीला एक मुलगा आवडतो असं लिहिलं असतं. 'पुरावा काय' असं कोणी विचारलं असतं का? नाही. तिथेही कागद शून्यच आहे. पण ते आपल्याला 'स्वाभाविक' वाटतं, म्हणून आपण मागत नाही. दोन्ही गोष्टींना पुरावा सारखाच, म्हणजे नाहीच. फरक आहे तो आपल्या सवयीत.

पण थांबा. हे माप उलट्या बाजूनेही तसंच लावायला लागतं, आणि बरेच उत्साही अभ्यासक इथे घसरतात. कागद नाही म्हणून 'असं नव्हतंच' म्हणता येत नाही, तसंच 'असं होतंच' असंही म्हणता येत नाही. मी वहीत तीन वाक्यं लिहून ठेवली आहेत:

१. असं घडलं.
२. असं घडू शकलं असतं.
३. असं घडणं शक्यच नव्हतं.

पहिल्या वाक्याला थेट पुरावा लागतो. तिसऱ्यालाही लागतो, हे आपण विसरतो. दुसऱ्या वाक्याला लागतो तो परिस्थितीचा पुरावा: दोन माणसं कुठे भेटली असती, किती वेळ सोबत असती, कोणाच्या नजरेखाली, कोणती कामं करत. प्रबंधात या तिन्हींची सरमिसळ केलेली चालत नाही. ऐतिहासिक कादंबरी दुसऱ्या वाक्यावर उभी असते. म्हणूनच माझ्या दोन्ही मुली पूर्ण काल्पनिक आहेत. परुळेकरांच्या पुस्तकातली खरी माणसं उचलून त्यांच्या मनात मी माझ्या कल्पना घालणार नाही. गेलेल्या माणसाला 'नाही, मला तसं वाटत नव्हतं' असं सांगायला येता येत नाही.

दोघी भेटणार कुठे?

एकदा हे ठरलं की कामाला जोर येतो. तेव्हा मी 'प्रेमाचा पुरावा' शोधणं सोडलं आणि वेळापत्रक शोधू लागले. पावसाच्या तोंडावर राब भाजलेले, मग नागली-वरईची कामं, आवणी, निंदणी, कापणी. दिवाळीनंतर हाताला काम नाही म्हणून माणसं घर सोडतात. आजही जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात, त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. हा शब्द एकदा ऐकला की विसरता येत नाही.

कुपावरच्या मुक्कामात पोरांच्या वाट्याला काय येतं? पाणी, सरपण, धाकट्या भावंडाला कडेवर घेणं, भाकरी पोचवणं. म्हणजे दोघी मुली दिवसातून दोनदा तरी पाण्यावर भेटणार, आणि हंगाम असेल तितके महिने. मोठ्यांची नजर कामावर, पोरींची एकमेकींवर. इतकं मिळालं की गोष्ट उभी राहते.

उन्हाळ्यातला बोहाडाही हाताशी आहे. मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध आहे: देवांची आणि राक्षसांची मुखवटे घातलेली सोंगं, संबळ, रात्रभर जागणारा गाव. दोघींना गर्दीत शेजारी उभं करायला याहून चांगली जागा नाही. पण इथे एक खड्डा आहे. सोंगांमध्ये पुरुष स्त्रीरूप घेतात म्हणून 'बघा, परंपरेतच हे होतं' असं लिहून मोकळं होऊ नका. बालगंधर्वांनी आयुष्यभर स्त्रीभूमिका केल्या, त्यावरून त्यांना कोण आवडत होतं हे सिद्ध होत नाही. सोंग घेणं ही एक गोष्ट, जीव जडणं ही दुसरी.

दुसरा खड्डा शेजारच्या तालुक्याचा. १९४५ चं वारल्यांचं आंदोलन उंबरगाव-डहाणूकडे पेटलं. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही तिथली मागणी. 'लग्नगडी' पद्धतीची वर्णनंही मुख्यतः तिकडची: लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फेडायला नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. हे सगळं इतकं प्रभावी आहे की उचलून जव्हारला चिकटवायचा मोह होतो. मी तो केला होता. मग गोष्टच बदलली: मोखाड्याच्या मुलीचं लग्न खाली डहाणूकडे ठरतं, अशा घरात जिथे नवरा लग्नगडी होणार आहे. आता वर्णन ज्या जागेचं आहे त्याच जागी राहिलं, आणि गोष्टीला तिचा खरा पेच सापडला. या दोघींना तोडायला कोणी खलनायक लागत नाही. 'हे पाप आहे' असं कोणी ओरडत नाही. एक कर्ज पुरतं.

नाव नसलेली भावना

आता भाषेबद्दल. माझ्या पहिल्या खर्ड्यात मोठी बहीण धाकटीला समजावते की 'काही मुलींना मुली आवडतात, त्यात वाईट काही नाही'. वाक्य चांगलं आहे, पण ते २०२० नंतरच्या शहरी शाळेतल्या समुपदेशकाचं आहे. १९४५ च्या कुपावर ते कोणी बोललं नसतं. 'समलिंगी' हा शब्दही तिथे नको. त्या शब्दामागे माणसांची वर्गवारी करण्याची जी पद्धत आहे, ती त्या मुलीपर्यंत पोचलेली नाही.

मराठीत मात्र एक सुंदर सोय आहे: जीव लागणं, जीव जडणं. मैत्रिणीवर लागतो, वासरावर लागतो, नवऱ्यावरही लागतो. कर्ता-कर्माचं लिंग ही क्रिया विचारत नाही. तेव्हा वापरला तरी खोटं वाटत नाही आणि आज वाचणाऱ्या मुलीलाही कळतो. पाड्यावरच्या बोलीत याला नेमकं काय म्हणतात ते त्या बोलीच्या माणसालाच विचारा. पुण्या-मुंबईच्या मराठीत चार 'गावाकडचे' शब्द मिसळले की ती वारली किंवा कोकणा बोली होत नाही.

या सोयीत एक धोकाही आहे, तोही सांगते. 'जीव लागला' एवढ्यावरच थांबलं तर मोठे वाचक सुटकेचा श्वास सोडून म्हणतील, 'हां, मैत्रीच ती.' आणि ज्या मुलीला ती गोष्ट हवी होती तिच्या हातातून ती निसटेल. तेव्हा शब्द न वापरता ती भावना ओळखू आली पाहिजे. मी काय केलं? ती दुसरीच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज गर्दीतून ओळखते. दुसरी दोन दिवस पाण्यावर आली नाही तर दिवस मोजते. दुसरीचं लग्न ठरल्याची बातमी ऐकून सगळे खूश असताना हिला भाकरी गिळत नाही, आणि का गिळत नाही ते तिचं तिलाच कळत नाही. बारा वर्षांच्या मनात पहिलं आवडणं बहुतेक असंच असतं. मुलांसाठी लिहायचं तर त्यापुढे जायची गरजही नाही.

असं करून दाखवलेलं एक पुस्तक आवर्जून पाहा. शिंग यिन खोर यांचं 'द लेजंड ऑफ आंटी पो', २०२१ ची मुलांसाठीची चित्रकादंबरी. काळ १८८५, जागा अमेरिकेतल्या सिएरा नेवाडातला लाकूडतोडीचा तळ. स्वयंपाक करणाऱ्या चिनी बापाची तेरा वर्षांची मुलगी मेई आणि तळाच्या प्रमुखाची मुलगी बी. मेईला बी आवडते. पण पुस्तक फक्त त्याबद्दल नाही. चिनी लोकांविरुद्धचा राग, १८८२ चा बहिष्कार कायदा, रोजचं काम आणि मेईने रचलेल्या गोष्टी, या सगळ्यांत ते आवडणं एका बाजूला, पण अगदी स्पष्ट आहे. आणि पाहा, १८८५ म्हणजे इकडे फॉरेस्ट कमिशन नेमला गेला तेच वर्ष. तिकडे आणि इकडे, दोन्ही जंगलांत झाडं पडत होती, माणसं हिशेबात धरली जात होती. पोरींचा हिशेब दोन्हीकडे कोणी ठेवला नाही.

मराठीत तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आहे, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आहे. दोन्ही महत्त्वाच्या, पण मोठ्यांसाठीच्या. अकरा वर्षांच्या वाचकाच्या हातात त्या देता येत नाहीत.

कोणाच्या जिवावर लिहितोय?

शेवटचा मुद्दा नैतिकतेचा, आणि तोच सर्वांत जड. शहरी लेखकाला आदिवासी समाज फार लवकर 'मुक्त' दिसू लागतो. 'आपल्यात बंधनं आली, त्यांच्यात नव्हती' असं वाक्य लिहिताना बरं वाटतं. पण त्यामुळे आपण त्या समाजाला आपल्या वादातला साक्षीदार बनवतो, त्याला न विचारता. तो ना तुमच्या मुक्तीचा पुरावा आहे, ना मागासलेपणाचा. मी आदिवासी नाही. म्हणून खर्डा छापायला जाण्याआधी त्या भागातल्या, त्या समाजातल्या वाचकांनी तो वाचायचा आणि 'हे काढ' म्हटलं तर मी आधी ऐकायचं, असं ठरवलंय.

हे सगळं इतकं का महत्त्वाचं? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. गुन्हा ठरण्याचा प्रश्न तिथे सुटला. पण आज जव्हारच्या एखाद्या आश्रमशाळेत रात्री दिवे मालवल्यावर जागी असलेली मुलगी न्यायालयाचा निकाल वाचत नसते. तिला वाटत असतं की असं जगात फक्त आपल्यालाच होतंय, आणि आपल्या आज्या-पणज्यांमध्ये कुणालाच झालं नसणार. तिला 'झालं होतं' असं खात्रीने सांगण्याचा अधिकार इतिहास मला देत नाही. 'झालं असू शकतं, आणि नव्हतं असं कुणीही सिद्ध केलेलं नाही' हे सांगण्याचा मात्र देतो. एवढ्यानेही एखादी रात्र सोपी होते, असं मला वाटतं.

सुधारलेला खर्डा माझ्या अकरा वर्षांच्या भाचीने वाचला. मी धास्तावले होते. तिने सगळं वाचून एवढंच विचारलं, "मावशी, मग नंतर त्या भेटल्या का गं?" जे मोठ्यांना खटकतं ते तिला खटकलंच नव्हतं. तिला शेवट हवा होता. मी तिला खरं तेच सांगितलं: १९४८ मध्ये जव्हार मुंबई राज्यात विलीन झालं, दोघींच्या गावांमधली सरहद्द गेली. पुढचं मी अजून लिहिलेलं नाही.

पुस्तकाच्या शेवटी मुलांसाठी एक पान असेल: यातलं कागदात काय सापडलं, अंदाजाने काय लिहिलं आणि काय मी रचलं. तीन रकाने. मार्गदर्शकांना तेच पान दाखवलं, तेव्हा त्यांनी समासात बरोबरची खूण केली.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातली अशी एक गोष्ट निवडा जिचा कागद नाही. वर दिलेली तीन वाक्यं लिहा आणि प्रत्येकासमोर कोणता पुरावा लागेल ते मांडा. बहुतेकांचा दुसरा रकाना सर्वांत लांब होईल. तोच तुमचा संशोधन आराखडा.

पुढच्या लेखात मुलाखतीआधी संमती कशी घ्यायची, त्यावर बोलू.